बॉल जॉइंटला जनावराची सुई

आमची गाडी वाजतेय हे मला सगळ्यात शेवटी कळलं. मी पैठणच्या एका शाळेत भूगोल शिकवते आणि रोज संभाजीनगरहून गाडी चालवत जाते-येते. सोबत शाळेतले दोघं असतात. पुढच्या सीटवर गणिताचे सर, मागं हिंदीच्या मॅडम. त्या वर्षी पैठणचा रस्ता पाण्याच्या पाइपांसाठी खोदून ठेवला होता. शहराला भरपूर पाणी येणार होतं. ते यायचं तेव्हा येईल, पण खड्डे मात्र ठरल्या वेळेच्या आधी हजर झाले होते. वर्गात भूरूपांचा धडा शिकवताना मला फळ्यावर आकृती काढावी लागत नसे. मुलंही त्याच रस्त्यानं यायची.

बिडकीनच्या अलीकडं एका वळणावर गणिताचे सर म्हणाले, "मॅडम, उजवीकडं वळताना आवाज येतो. डावीकडं वळताना येत नाही."

"मला वाटत होतं, माझ्या डब्याचं झाकण वाजतंय," हिंदीच्या मॅडम मागून म्हणाल्या. "मी आठ दिवस झाले डबा मांडीवर धरून बसतेय."

पुढचे दोन आठवडे सरांनी आवाजाची नोंद ठेवली. हजेरीच्या वहीच्या मागच्या पानांवर त्यांनी तक्ता आखला: वेग, वळणाची बाजू, खड्ड्याची खोली (अंदाजे), आवाजाचा प्रकार. प्रकार दोनच होते, 'कुंई' आणि 'खट'. शेवटी त्यांनी निष्कर्ष काढला की आवाज खड्ड्यांच्या सम प्रमाणात आहे. हिंदीच्या मॅडमनी रस्ता बदलून बघू म्हटलं. पैठणला दुसऱ्या रस्त्यानं जायचं तर शाळा सुटायच्या वेळेला पोचलो असतो. म्हणून मी एका शनिवारी शाळा सुटल्यावर गाडी थेट सर्व्हिस सेंटरला नेली.

सर्व्हिस सेंटर काचेचं होतं. आत एसी, कॉफीचं मशीन, आणि भिंतीवर टीव्ही. टीव्हीत माझीच गाडी बर्फाच्या डोंगरावर एकटी चढत होती. एक टाय लावलेला सल्लागार टॅब घेऊन आला. तो मला मॅम म्हणाला आणि गाडीला व्हेईकल.

"मॅम, व्हेईकलमध्ये काय प्रॉब्लेम फील होतोय?"

"उजवीकडं वळताना डाव्या बाजूनं आवाज येतो. खड्ड्यात खट करतं."

त्यानं ते टॅबमध्ये लिहिलं. मग गाडीभोवती फिरून एकूण एक ओरखड्याचे फोटो काढले, पायपुसण्यांचे काढले, डिकीत राहिलेल्या माझ्या भारताच्या नकाशाच्या गुंडाळीचाही काढला. खाली वाकून मात्र त्यानं बघितलं नाही. गाडी आत गेली, मी सोफ्यावर बसले, आणि टीव्हीतली गाडी तिसऱ्यांदा डोंगर चढेस्तोवर तो परत आला.

"मॅम, दोन्ही लोअर आर्म असेम्ब्ली, दोन्ही टाय रॉड एंड, दोन्ही लिंक रॉड. पेअरमध्येच करावं लागतं."

"काय झालंय त्यांना?"

"लाइफ संपलंय."

मला गाडीतलं काही कळत नव्हतं, पण घरात सासऱ्यांच्या तोंडून एक शब्द सारखा कानावर पडायचा, तो मी वापरून बघितला. "ग्रीस वगैरे करून नाही का चालणार?"

तो हसला. विषुववृत्ताची रेघ प्रत्यक्ष जमिनीवर कुठं मारलीय असं पाचवीतल्या मुलानं विचारल्यावर मी जशी हसते, तसा. "मॅम, ते सील्ड असतं. लाइफटाइम लुब्रिकेटेड. त्याच्यात ग्रीस टाकायची सोयच दिलेली नसते."

"लाइफटाइम म्हणजे कुणाचं?"

"पार्टचं, मॅम."

"आणि पार्टचं लाइफ किती असतं?"

"आतलं ग्रीस असेपर्यंत."

हे सांगताना त्याचा चेहरा इतका निर्मळ होता की पुढं काही विचारायचं माझ्या जिवावर आलं. मी अंदाजपत्रक घेतलं, विचार करून कळवते म्हटलं. दारापर्यंत सोडायला येऊन तो म्हणाला, "मॅम, फीडबॅकचा कॉल येईल. प्लीज दहापैकी दहा द्या. नऊ म्हणजे आमच्याकडं नापास धरतात." वीस वर्षं मी पस्तीसला पास करत आलेय. मला त्या मुलाबद्दल एकदम वाईट वाटलं.

घरी आल्यावर ते अंदाजपत्रक नवऱ्याला फार आवडलं. तो वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. छापील, रकाने आखलेला आणि खाली सहीला जागा ठेवलेला कुठलाही कागद त्याला खरा वाटतो. सासऱ्यांनी मात्र तो कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्यांची नोकरी धरणाजवळच्या एका सरकारी वर्कशॉपात गेली. डंपरला ग्रीस मारायला म्हणून लागले आणि हेड मिस्त्री होऊन निवृत्त झाले. सासूबाई गेल्यावर ते गावाकडून आमच्याकडं राहायला आले. तेव्हापासून आमच्या फ्लॅटमध्ये कुठलीच गोष्ट करकरत नाही. दारांच्या बिजागऱ्या, शिलाई मशीन, पंखे, बाल्कनीतला झोपाळा, सगळं त्यांनी आल्या आल्या मऊ करून टाकलं. मग ते खाली उतरले आणि सोसायटीचं लोखंडी गेट हातात घेतलं. ते गेट इतकं गुपचूप उघडायला लागलं की वॉचमनला कोण आलं कोण गेलं कळेना. तशी तक्रार सोसायटीच्या मीटिंगमध्ये झाली.

"सील केलंय म्हनत्यात व्हय," मामा म्हणाले. "मंग आतलं ग्रीस काय अमर होऊन आलंय का?"

"बाबा, आता टेक्नॉलॉजी बदलली," नवरा म्हणाला. "मेंटेनन्स-फ्री असतं ते."

"म्हंजी?"

"म्हणजे काही करायचंच नाही."

"अन् खराब झाल्यावर?"

"बदलायचं."

"तुझ्या कंपनीतल्या मशिनी अशाच चालवता का तुम्ही?"

नवऱ्यानं पालथा कागद पुन्हा सरळ केला. त्याच्या कंपनीत दर सोमवारी मशिनींच्या ऑइल-ग्रीसचा तक्ता निघतो आणि त्यावर शेवटची सही त्याचीच असते.

मग मामांनी मला आमटीची वाटी आणि एक लिंबू आणायला लावलं. वाटीत लिंबू ठेवून ते फिरवून दाखवलं. "चाकाला धरून ठिवनाऱ्या आर्मच्या टोकाला असा बॉल जॉइंट असतो. ही वाटी, हा गोळा. चाक वळलं, वर-खाली झालं, की गोळा वाटीत फिरतो. दोन्ही लोखंडाचे. मधी ग्रीस हाय तवर सुखानं फिरतात. वरून रबराची टोपी असती, धूळ-पानी आत जाऊ नये म्हून. कंपनीनं ग्रीस घालायचं भोक ठिवलं नाय, ठीक हाय. टोपीच्या कडंतून सुई तर जाती ना? उद्या जनावराच्या दवादुकानातून सुई आन. लई बारीक नको, ग्रीस जायाला पायजे. अन् मोठी पिचकारी."

धान्याच्या मोंढ्याजवळ जनावरांच्या औषधांची दोन-तीन दुकानं आहेत. तिथं मी आयुष्यात कधी गेले नव्हते. काउंटरवर एक चष्मेवाले गृहस्थ गोचिडाच्या औषधाचे डबे लावत होते.

"जाड सुई पाहिजे," मी म्हटलं. "आणि मोठी सिरिंज."

"जनावर कोणतं?"

"जनावर नाही. गाडी."

"गाडीचा बैल आहे का?"

"नाही हो. चारचाकी. माझी स्वतःची."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता हसतील. त्यांनी डबा खाली ठेवला आणि विचारलं, "लोअर आर्म का टाय रॉड?"

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं. ते म्हणाले, "रिक्षावाले नेतात, मॅडम. ट्रॅक्टरवाले नेतात. मागं एक जण बसच्या दारासाठी घेऊन गेला. गाय-म्हशीसाठी नेणारे आता कमीच." त्यांनी एक जाड सुई काढून दिली आणि सांगितलं, "ग्रीस आधी उन्हात ठेवा. थंड ग्रीस पुढं सरकत नाही, अंगठा मोडतो." सर्व्हिस सेंटरमध्ये दोन तास बसून मिळालं नव्हतं इतकं ज्ञान मला तिथं उभ्या उभ्या मिळालं, आणि फीडबॅकचा कॉलही आला नाही.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही पार्किंगमध्ये उतरलो. एप्रिल होता. मामांनी पिचकारीचा दांडा काढून माझ्या चमच्यानं तिच्यात ग्रीस ठासून भरलं आणि ती पार्किंगच्या कठड्यावर अर्धा तास उन्हात ठेवली. तो चमचा पुन्हा स्वयंपाकघरात आला नाही. जॅक लावायच्या आधी त्यांनी मागच्या चाकांना विटा लावल्या. नट मी सोडले. उजवं पुढचं चाक निघालं तेव्हा त्यांनी ते गाडीच्या पोटाखाली आडवं सरकवायला लावलं. "जॅकवर भरोसा ठिवायचा नाय. तो निसटला तर गाडी चाकावर बसंल, आपल्यावर नाय."

मग ते खाली बसायला गेले. अर्ध्यात थांबले, गाडीला धरून पुन्हा सरळ झाले, आणखी एकदा प्रयत्न केला. कंबर ऐकेना. मला त्यांच्याकडं बघवेना म्हणून मी उगाच नट मोजत बसले. वॉचमननं आपली प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. मामा तीत बसले आणि म्हणाले, "बस खाली, माय. मी सांगतो तसं कर."

ते आल्यापासूनच्या चार वर्षांत आमचं बोलणं चहा, गोळ्या आणि पेपर यांच्यापलीकडं फारसं गेलं नव्हतं. त्या दिवशी मी पोत्यावर मांडी घालून बसले, ते माझ्या डोक्यावरून टॉर्च धरून बसले, आणि आम्ही दोघं सलग दोन तास एकमेकांशी बोललो. विषय बॉल जॉइंट हा एकच होता.

"आधी पूस. नीट पूस. धूळ आत गेली तर ग्रीसचा पॉलिश पेपर व्हतो. आता सुई घे. रबराला भोसकायचं नाय. वरच्या कडंला रबर अन् लोखंड जिथं मिळतं ना, तिथून सरकव. पोरीच्या नाकात चमकी घालतानी हात कसा ठिवतो, तसा."

सुई गेली. मला हातातूनच कळलं की गेली.

"दाब. सावकाश."

दुकानदार बरोबर बोलला होता. उन्हात ठेवूनही माझा अंगठा लाल झाला. रबराची टोपी हळूहळू भरायला लागली.

"फुगू राह्यलं का?"

"थोडंसं."

"गाल फुगवल्यावानी दिसलं की थांब. पुरीएवढं नको. लई भरलं की रबर फाटतं, अन् रबर फाटलं की सगळं मुसळ केरात."

मी थांबले. टॉर्च जवळ आणून त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "व्हय." नंतर मला कळलं की त्यांच्या वर्कशॉपात याहून मोठी शाबासकी कधी कुणाला मिळाली नव्हती.

तेवढ्यात आमच्या सोसायटीचे अध्यक्ष आले. ते एका कचेरीतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेत आणि सकाळी ट्रॅकसूट घालून नियमांची पाहणी करत फिरतात.

"हे काय चाललंय?"

"ग्रीसिंग," मामा म्हणाले.

"पार्किंगमध्ये वाहनदुरुस्तीला मनाई आहे. ठराव झालेला आहे."

"दुरुस्ती नाय ही, साहेब. बिघडू नये म्हून करू राह्यलो."

अध्यक्षांनी थोडा विचार केला. "त्याच्यासाठी वेगळा ठराव नाही."

"मंग मनाई बी नसंल."

ते निघून गेले. दुपारी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना आली: 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की, सोसायटीच्या आवारात वाहनांना कोणत्याही प्रकारचे इंजेक्शन देण्यास सक्त मनाई आहे.' खाली अकरा जणांनी अंगठे दाखवले. त्यातला एक अंगठा माझ्या नवऱ्याचा होता. त्यानं सूचना न वाचता दाखवला, असं त्याचं म्हणणं आहे.

सूचना यायच्या आधी आम्ही डावी बाजूही उघडली होती. चाक काढण्यापूर्वी मामांनी मला ते वर-खाली धरून हलवायला लावलं. उजवं चाक जागचं हललं नव्हतं. हे हललं, आणि हाताला बारीकसा ठोका लागला. खट. तोच आवाज. "ह्याला म्हनायचं खेळ," मामा म्हणाले. चाक काढल्यावर मी टॉर्च मारला तर रबराची टोपी एका बाजूनं फाटलेली, आत ग्रीसच्या जागी तांबडी कोरडी माती.

"हा गेला," मामा म्हणाले. "ह्याला आता ग्रीस देऊन उपेग नाय."

माझा चेहरा पडला असणार. सल्लागार सगळा खोटा निघावा अशी माझी फार इच्छा होती. "म्हणजे तो मुलगा म्हणत होता ते खरंच होतं."

"अर्धं. त्यानं न बघता सांगितलं अन् खरं निघालं. ज्योतिषाचं बी निघतं."

"आधी कुणी बघितलं असतं तर?"

"तर हा बी वाचला असता. फाटल्यावर दोन पावसाळे गेलेत ह्याच्यावरून." त्यांनी टॉर्च बंद केला. "ग्रीस जित्याला द्यायचं असतं, माय. मेल्यावर देऊन काय करायचं."

त्यांनी हे अगदी साधेपणानं सांगितलं. मी मात्र त्या फाटक्या टोपीकडं बघत बराच वेळ बसले. ती दोन वर्षं मी गाडी रोज शंभर किलोमीटर चालवत होते, धुवायला देत होते, दसऱ्याला हार घालत होते, आणि वाकून खाली एकदाही बघितलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी मामा माझ्याबरोबर सर्व्हिस सेंटरला आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरी टोपी. मी सल्लागाराला सांगितलं, फक्त डावा लोअर आर्म बदला.

"मॅम, पेअरमध्येच करावं लागतं."

"उजव्यात खेळ हाय का?" मामांनी विचारलं. "असंल तर दाखवा. बदलू."

"सर, कस्टमरला वर्कशॉपमध्ये अलाउड नाही. सेफ्टी इश्यू."

मामा सल्लागाराच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसले आणि बसूनच राहिले. कॉफी आली, नको म्हणाले. बिस्किटं आली, नको म्हणाले. त्यांच्या मागं लोक उभे राहायला लागले. अर्ध्या तासानं सल्लागार कुणाला तरी फोन करून आला आणि त्यानं मामांना पिवळं हेल्मेट आणि चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट दिलं. मामांनी हेल्मेट टोपीवरूनच घातलं.

आत गाडी लिफ्टवर चढवलेली होती. खाली पन्नाशीचा एक मेकॅनिक उभा होता. मामांनी सांगायच्या आधीच त्यानं उजवं चाक धरून हलवलं, पहार घालून बघितली आणि म्हणाला, "चाचा, ये तो एकदम टाइट है. इसकू काय कू बदलना?"

सल्लागारानं टॅबकडं बघितलं. "पण सिस्टीममध्ये पेअर आलंय."

चाकाचं म्हणणं एक आणि सिस्टीमचं दुसरं, असा पेच झाला. शेवटी सिस्टीमनंच तोड काढली. 'ग्राहकाने सुचवलेली दुरुस्ती नाकारली' असा एक फॉर्म निघाला, त्यावर मी सही केली. सल्लागाराला हायसं वाटलं. तो बाहेर गेला.

डाव्या बाजूचा नवा आर्म खोक्यातून निघाला. मामांनी त्याची रबरी टोपी चिमटीत दाबून बघितली. "ह्यात ग्रीस लई कमी दिसू राह्यलं."

मेकॅनिकनं दाराकडं नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "चाचा, हमारी खुद की गाड़ियां रहती ना, उसमें हम सुई से डालते. जानवरों की दुकान से लाके. यहां मत बोलो."

"कोनती सुई?" मामांनी विचारलं.

"मोटी वाली."

"गरम करता का?"

"धूप में रखते."

दोघं मग बराच वेळ कुजबुजत राहिले, एखाद्या मसाल्याचं प्रमाण विचारावं तसे. मी आडोशाला उभी राहून सल्लागार येतोय का ते बघत होते. शाळेत कॉपी पकडणं हे माझं काम आहे. त्या दिवशी पहारा द्यायला मी दुसऱ्या बाजूला उभी होते.

फीडबॅकचा कॉल आला तेव्हा मी दहापैकी आठ दिले. पाच मिनिटांत सल्लागाराचा स्वतःचा फोन आला. तो दुखावला होता. मी त्याला समजावलं की आठ म्हणजे विशेष प्रावीण्य, आणि मेकॅनिकला मला दहा द्यायचे होते, पण त्याच्यासाठी रकानाच नव्हता. तो म्हणाला, "मॅम, मेकॅनिक कस्टमर-फेसिंग नसतो."

या सगळ्याला दोन महिने झाले असतील. एका रविवारी दुपारी दाराची बेल वाजली. दारात अध्यक्ष. ट्रॅकसूटवर छातीपासून गुडघ्यापर्यंत ग्रीसचे पिवळे शिंतोडे.

"तुमचे सासरे आहेत का?" त्यांनी विचारलं. आवाज पाहणीच्या वेळचा नव्हता.

त्यांनी नवी मोठी गाडी घेतली होती. तिच्या जॉइंटना आपणही ग्रीस द्यावं, असं त्यांच्या मनात आलं. मोबाइलवर एक व्हिडिओ बघून त्यांनी ग्रीसगनला सुई बसवली आणि काम केलं. सोसायटीच्या आवारात इंजेक्शनला मनाई असल्यामुळं त्यांनी गाडी गेटच्या बाहेर, रस्त्यावर, भर उन्हात लावून ते केलं. स्वतःची सूचना त्यांनी स्वतः मोडली नाही, हे मला कबूल करावं लागेल.

आम्ही खाली गेलो. रबराची टोपी फुटली होती आणि ग्रीस ब्रेकच्या चकतीवर उडालं होतं.

"किती दाबलं?" मामांनी विचारलं.

"व्हिडिओतल्या माणसानं जितकं दाबलं तितकं."

"तो मधी थांबला नाय का?"

"थांबला असेल," अध्यक्ष म्हणाले. "तेव्हा जाहिरात लागली होती."

मला हसू आवरेना, म्हणून मी गाडीच्या मागच्या बाजूला गेले. मामा हसले नाहीत. त्यांनी आधी अध्यक्षांना सांगितलं की ब्रेकच्या चकतीवर ग्रीस असताना गाडी एक फूटही हलवायची नाही. मग मला पेट्रोलचे बोळे आणायला लावले. अध्यक्षांनी स्वतः बसून चकती चकचकीत होईपर्यंत पुसली आणि मामांनी ती बोटानं तपासून दोनदा परत पुसायला लावली. जॉइंट चांगला होता, फक्त टोपी गेली होती. क्रांती चौकाकडच्या एका पार्टच्या दुकानात तेवढीच मिळते आणि कुठलाही जुना मिस्त्री ती बसवून देतो, असं त्यांनी सांगितलं. अध्यक्षांनी तरी आधी शोरूमला फोन केला. तिथून उत्तर आलं की टोपी वेगळी येत नाही, पूर्ण आर्म घ्यावा लागेल, पेअरमध्ये. मग ते मुकाट्यानं क्रांती चौकात गेले.

त्यानंतर आठवड्याच्या आत ग्रुपवर सुधारित सूचना आली: 'वाहनांना इंजेक्शन देण्यास मनाई कायम असून, ज्येष्ठ नागरिकांच्या देखरेखीखाली रविवारी सकाळी दिलेली इंजेक्शने यातून वगळण्यात येत आहेत.'

ज्येष्ठ नागरिक म्हणजे मामाच. रविवारी त्यांच्यासमोर तीन-चार गाड्या लागायला लागल्या. त्यांची अट एकच होती. ज्याची गाडी त्यानं स्वतः पोत्यावर बसायचं. एका डॉक्टरांनी ड्रायव्हरला पाठवतो म्हटलं, तर मामा म्हणाले, "पाठवा. पर मंग गाडी त्याच्या नावावर करा." डॉक्टर स्वतः आले. काही जण पोतं बघूनच परत गेले. नवराही एकदा बसला. त्याला चांगलं जमलं, पण सुईपेक्षा तो तक्त्यातच जास्त रमला. पार्किंगच्या खांबावर त्यानं प्लास्टिकच्या पाकिटात एक तक्ता लावला: गाडी, बाजू, तारीख, पुढची तारीख, सही. मामा त्यावर सही करत नाहीत. म्हणतात, चाक हलवून बघा, कागद हलवून काय व्हनार.

शाळेतले सहप्रवासी तसे समाधानी नाहीत. हिंदीच्या मॅडमना आता गाडीत झोप लागते आणि त्या शाळा आली तरी उठत नाहीत. गणिताच्या सरांचा तक्ता रिकामा राहतो, त्यामुळं ते माझ्या गिअर बदलण्यातल्या चुका मोजतात.

मध्यंतरी सर्व्हिस सेंटरचा मेसेज आला. त्यांनी 'सस्पेन्शन वेलनेस' नावाचं नवीन पॅकेज काढलंय. त्यात सांध्यांना खास वंगण देऊन त्यांचं आयुष्य वाढवलं जातं. मामांनी तो मेसेज मला दोनदा वाचून दाखवायला लावला. सीलबंद सांध्यात वंगण कसं देता, असं विचारायला मी फोन केला, तर सल्लागार म्हणाला, "ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी आहे, मॅम." मी विचारलं, "सुई जाड असते का?" त्यानं आवाज खाली आणला. मग म्हणाला, "मॅम, ते मला सांगायला अलाउड नाही."

आमचा उजवा लोअर आर्म अजून तोच आहे. पहिल्या सुईनंतरचं हे त्याचं तिसरं वर्ष. मागच्या रविवारी त्याची पाळी होती. मामांना आता जिना उतरायला वेळ लागतो, म्हणून मी आधी खाली जाऊन जॅक लावते, चाकांना विटा लावते, आणि ते येईपर्यंत थांबते. ते आले, खुर्चीत बसले. मी चाक वर-खाली धरलं आणि जोर लावून हलवलं.

"हाय का खेळ?"

"नाही."

"पुन्हा बघ."

मी पुन्हा बघितलं. मग चाक काढलं, टोपी पुसली, सुई सरकवली आणि ग्रीस भरलं. कधी थांबायचं ते त्यांनी सांगितलं नाही. मी माझी थांबले. वर बघितलं तर ते टॉर्च मांडीवर ठेवून अध्यक्षांशी गप्पा मारत होते. अध्यक्ष त्यांना लिफ्टच्या दाराचा आवाज येतो म्हणून सांगत होते, आणि लिफ्टला हात लावायला ठराव लागेल का, याबद्दल दोघांचं एकमत होत नव्हतं.